साहेब दीडला येतात

साहेब रोज दुपारी दीडच्या सुमारास येतात. चहा घेत नाहीत, पाकीट घेत नाहीत, गेटवरच्या वहीत सही करत नाहीत. सव्वाआठशे किलोमीटरवरून खाली एक नजर टाकतात आणि पुढे जातात. नाव सेंटिनेल-५पी, हुद्दा उपग्रहाचा, मूळ गाव युरोप, नेमणूक २०१७ची. धुरातले बरेच वायू उन्हातले आपापले ठरलेले किरण गिळतात. त्यातले कुठले कमी पडले ते बघून साहेब सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड यांचा हिशेब मांडतात.

खोडी आहेतच. साहेबांना ऊन लागतं. पावसाळ्यात ढगांमुळे निम्मी रजा आणि रात्री ठार आंधळे. कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांना विचारा, वास कधी येतो? दीडलाच येतो, पण रात्रीच्या. शिवाय साहेबांचा एक ठिपका साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. त्यात सहा चिमण्या मावल्या, तर ‘तो शेजारचा’ म्हणायला सहाही मोकळ्या.

वीजकेंद्राच्या गावी राहणारी माझी मावशी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालते आणि वर जुनी नायलॉनची साडी अंथरते. संध्याकाळी साडी झटकली की राखेचा लोट. (राख साहेबांकडे येत नाही, त्यांचं खातं मुख्यतः वायूंचं.) मी तिला मोठ्या उत्साहाने उपग्रहाचं सांगितलं. तिने साडीची घडी घालत विचारलं, “बरं, मग तो खाली कुणाला सांगतो?”

सांगतो की. साहेबांच्या आधीपासून वर फिरणाऱ्या ऑरा यानावरच्या यंत्राने तर कधीच सांगून ठेवलंय. त्याच्या नोंदींवरून २०१७मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की २००७पासून चीनचा सल्फर डायऑक्साइड ७५ टक्क्यांनी उतरला आणि आपला ५० टक्क्यांनी चढला. पहिला नंबर बहुधा आपलाच.

आपण गप्प बसलो असं नाही. नियम तर डिसेंबर २०१५मध्येच केला होता: औष्णिक केंद्रांनी दोन वर्षांत या वायूची मर्यादा पाळायची, म्हणजे बहुतेकांनी धूर चुनखडीच्या पाण्याने धुणारं यंत्र बसवायचं. २०१७ची मुदत २०२२वर गेली, तिथून आणखी पुढे. दरवेळी अडचण खरी, दरवेळी कागद चोख. शेवटी जुलै २०२५मध्ये सुमारे ७८ टक्के कोळसा संचांना या मर्यादेतूनच सूट मिळाली. एक कारण असं की आपल्या कोळशात गंधक कमी. आहेच कमी. पोह्यांत मीठ कमी असतं तसं. फक्त आपण पोहे खंडीने खातो. आणि तो वायू हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण होतात, ते छातीत शिरताना कोळशाचा दर्जा विचारत नाहीत.

सूट देताना एक अट मात्र ठेवली आहे. चिमणी नियमाइतकी उंच हवी. साहेबांना फार वाकायला लागू नये.