शुभेच्छा कशा द्याव्यात : सांगलीच्या विश्रामबागेत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

शंभर फुटी रोडला नाहीतर नेमिनाथनगरात फ्लॅट घेतलात, वास्तुशांत झाली आणि चौथ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात तुमचा नंबर पडला. अभिनंदन. पाणी, पार्किंग आणि घंटागाडी यांवरून भांडायला यथावकाश शिकालच, त्याला पुस्तिका लागत नाही. सणाच्या शुभेच्छांचं मात्र तसं नाही. त्या न देऊन भागत नाही आणि दिल्या की कुणाला तरी लागतात.

साहित्य : कालनिर्णय एक, भिंतीवरचं. १९७३ पासून निघणाऱ्या या कॅलेंडरात एकादशी, ईद, नाताळ, महावीर जयंती आणि बुद्धपौर्णिमा एकमेकांना धक्का न लावता राहतात, आणि पान उलटलं की पाककृती. याहून स्वस्त सर्वधर्मसमभाव बाजारात नाही. शिवाय थोडा धीर, आणि पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून कसा पुसायचा याची माहिती.

धडा पहिला : जिना

सणाकडे जाण्याआधी रोजची हाक जमली पाहिजे. इथे एकाच जिन्यात जय जिनेंद्र, राम राम, जय भीम, सलाम, शरणू शरणार्थी, रामकृष्ण हरी आणि नुसतं 'काय म्हणताय?' एवढं सगळं राहतं. शिकायचं असेल तर सकाळी सहाला दूधवाल्याच्या मागे जिना चढा. पहिल्या मजल्यावर तो 'जय जिनेंद्र काकू' म्हणतो आणि पिशवी कडीला अडकवतो. दुसऱ्यावर 'राम राम दादा, कालचे सुट्टे राहिलेत'. तिसऱ्यावर 'जय भीम सर'. गच्चीलगतच्या खोलीत वालचंद कॉलेजची पोरं असतात, तिथे दारावर थाप मारून 'ए भावा, दूध!' एवढंच. खाली उतरेपर्यंत चार घरं, चार हाका आणि कुठेही बोभाटा नाही. संवेदनशीलतेच्या कार्यशाळेला तो कधी गेलेला नाही. त्याला उधारी वसूल करायची असते, आणि समोरच्याला त्याच्याच घरच्या शब्दानं हाक मारली की पैसे लवकर येतात हे त्याला ठाऊक आहे.

नियम एवढाच : जे आलं तेच परत द्यायचं. 'जय भीम'ला 'नमस्कार' असं उत्तर दिलं तर गुन्हा होत नाही, पण देणाऱ्यानं हात आखडला हे घेणाऱ्याला कळतं. कामठीच्या बाबू हरदासांनी हे अभिवादन रूढ केलं त्याला आता नव्वदच्या आसपास वर्षं झाली. एवढ्या काळात तोंडाला वळण लागायला हरकत नव्हती.

धडा दुसरा : फोन

सरकारी कचेरीत फोन करायचा असेल तर थोडा इतिहास लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला की कर्मचाऱ्यांनी 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं. सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार होते. सक्ती नाही, आवाहन आहे, हेही सांगून झालं. रझा अकादमीनं हरकत घेतली. काँग्रेसचे नाना पटोले म्हणाले, आमचे कार्यकर्ते 'जय बळीराजा' म्हणतील. काही दिवस असे गेले की फोन उचलणाऱ्याचा पक्ष पहिल्या श्वासात कळावा. सातबाऱ्याचं काम मात्र होतं तिथेच राहिलं.

त्याआधी २०१७ मध्ये कर्नाटकच्या एका मंत्र्यानं 'जय महाराष्ट्र' म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचं पद घालवण्याची भाषा केली, तेव्हा आपले परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी एसटीच्या गाड्यांवरच 'जय महाराष्ट्र' रंगवून घेतलं. बेळगावला जाणाऱ्या प्रवाशाला कुणी काही म्हणो न म्हणो, गाडी म्हणायची.

नवशिक्यानं 'हां, बोला' म्हणावं.

धडा तिसरा : कुठे शुभेच्छा द्यायच्याच नाहीत

इथे सगळ्यात जास्त माणसं नापास होतात. कारण फ्लेक्सच्या दुकानात एक ठरलेली फाइल असते : वर नेत्याचा हात जोडलेला फोटो, खाली 'च्या हार्दिक शुभेच्छा', मधे मोकळी जागा. त्या जागेत मोहरम बसतो, गुड फ्रायडे बसतो, सहा डिसेंबरही बसतो. मोहरम हा करबलाच्या शोकाचा काळ. गुड फ्रायडे हा येशूला सुळावर दिल्याचा दिवस. महापरिनिर्वाण दिनी अभिवादन करतात. तिन्हींना 'हार्दिक शुभेच्छा' देणारे फलक तुम्हाला याच रस्त्यावर दिसतील, आणि वरचा फोटो हसत असेल.

यात द्वेष नसतो, आळस असतो. माहीत करून घ्यायचं तर लांब जावं लागत नाही. कडेगावचे उंच ताबूत आपल्याच जिल्ह्यात, ते उचलायला हिंदू घरंही पुढे असतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती चाळीसहून अधिक वर्षं मशिदीत बसतो. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून नाताळ आपल्या शेजारचा आहे. एवढं शेजारी असून चौकशी करायला आपण फ्लेक्सवाल्याला पाठवतो.

फाल्गुनात आणखी जपा. संभाजी महाराजांच्या स्मरणार्थ सांगलीत अनेक तरुण हा महिना बलिदान मास म्हणून पाळतात. कुणी गोड सोडतं, कुणी पायात चप्पल घालत नाही. त्याच्या हातावर पुरणपोळीचं ताट ठेवून 'हॅपी होली' म्हणालात तर तो चिडणार नाही, पण ताट तुम्हालाच संपवावं लागेल.

धडा चौथा : दोन-दोन तारखा

शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. तिथीनं फाल्गुन वद्य तृतीयेलाही असते. तारीखवाल्याला तिथीला आणि तिथीवाल्याला तारखेला शुभेच्छा दिल्या की इतिहास-संशोधनावर अर्धा तास ऐकावं लागतं. दोन्ही दिवशी द्या. महाराजांना दोनदा मुजरा केल्यानं काही बिघडत नाही, आणि मंडळांची वर्गणी तशीही दोनदा जाते. बेंदूरही दोन : कर्नाटकी ज्येष्ठात, महाराष्ट्रीय आषाढात. बैल मात्र यावर वाद घालत नाहीत, दोन्हीकडचं पुरण खातात.

नववर्षाचं प्रकरण अवघड. ३१ डिसेंबरला रात्री अकराला 'हे आमचं नववर्ष नव्हे' असा मेसेज येतो, पाठवणारा बहुधा ढाब्यावर असतो. दुसऱ्या दिवशी कुणाच्या स्टेटसला कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ असतो, त्याला 'हॅपी न्यू इयर' पाठवण्याआधी फोटो बघा. मग पाडवा येतो. तेव्हा 'हिंदू नववर्ष' म्हणायचं की 'मराठी नववर्ष' यावरून ग्रुपात दोन तट पडतात, आणि त्यातल्या एका तटाला गुढीवर कलश उलटा का, असा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो. भारत सरकारचं स्वतःचं राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून आहे, त्याचाही १ चैत्र येतो. त्या दिवशी मात्र देशभर शांतता. ज्यावर कुणाचा हक्क नाही त्या सणाला शुभेच्छाही नाहीत.

धडा पाचवा : गुळमुळीत शब्द

एवढं ऐकून नवशिक्याला वाटतं, सरळ 'सणासुदीच्या शुभेच्छा' म्हणावं. तिकडे अमेरिकेत 'मेरी ख्रिसमस' की 'हॅपी हॉलिडेज' यावर दर डिसेंबरला घमासान होतं. २०१५ मध्ये तर एका कॉफी कंपनीनं कपावरची नाताळची चित्रं काढून नुसता लाल रंग ठेवला म्हणून लोक रागावले. आपल्याकडे २०२१ मध्ये फॅबइंडियानं दिवाळीच्या तोंडावर कपड्यांना 'जश्न-ए-रिवाज' नाव दिलं, आणि ती जाहिरात मागे घ्यावी लागली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू दुकानदाराला भटजी समजून भांडतात. कंपनी 'सणासुदी' म्हणते कारण तिला सगळ्यांकडून पैसे हवेत. तुम्हाला पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडून पैसे नकोत ना? मग त्यांना गोलमोल बोलण्यात काय मिळणार? पर्युषण पर्व संपल्यावर दिगंबर जैन शेजारी 'उत्तम क्षमा' म्हणतात. सांगलीत ती घरं भरपूर. दक्षिण भारत जैन सभा १८९९ ची. मुंबईहून आलेला माणूस तिथे 'मिच्छामि दुक्कडम' म्हणून मोकळा होतो. ते श्वेतांबरांचं. काकू हसून घेतात, क्षमेचाच दिवस असतो. दसऱ्याला आपट्याचं पान देताना तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा द्या. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दसराच होता. पानही घेतील, चहाही मिळेल.

शुभेच्छा बिघडते ती समोरच्याला देताना नव्हे, तिसऱ्याला दाखवण्यासाठी देताना. ज्या ग्रुपात एकही मुसलमान नाही तिथे 'ईद मुबारक' आणि 'ईदच्या शुभेच्छा का देता' हे दोन्ही मेसेज एकाच जातीचे.

धडा सहावा : हळदीकुंकवाची नोटीस

संक्रांतीनंतर लिफ्टशेजारी कागद लागतो : 'सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण'. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तेच सुचवलं. पुढल्या वर्षी मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणण्याचा प्रस्ताव मांडला आणि बायकांनीच त्यांना सुनावलं : नाव नको, वागणूक बदला. तुमच्या हातात पेन असेल तर 'सुवासिनींना' खोडून 'महिलांना' लिहा. पण तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या विंगेतल्या आजी नोटीस वाचून येणार नाहीत, त्यांना घरी जाऊन आणावं लागतं.

धडा सातवा : कमान आणि फ्लेक्स

हा फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्वागतकमानी लागतात. २००९ मध्ये अशाच एका कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली, सांगली-मिरज कित्येक दिवस बंद राहिली. स्वागताच्या कमानीनं बाजारपेठ बंद पाडली. तेव्हा कमानीचा मजकूर ठरत असेल त्या बैठकीला गेलाच तर मागच्या खुर्चीत बसून का होईना, चित्र आधी बघून घ्या.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला धर्म नाही, तिथी नाही, म्हणून तो सोपा वाटतो. फसू नका. तिथे सगळा जीव 'शुभेच्छुक'च्या रांगेत असतो : कुणाचा फोटो मोठा, कुणाचा काठावर, कुणाच्या गॉगलवर दुसऱ्याचं नाव आलं. सणावरून तुटलेली मनं दिवाळीच्या फराळाला जुळतात. फ्लेक्सवरून तुटलेली पुढच्या महापालिका निवडणुकीत समोरासमोर उभी राहतात. तुमचा फोटो मागायला पोरं आली तर पासपोर्टचा नाही म्हणून सांगा आणि खाली 'समस्त मित्रपरिवार' एवढं लिहायला सुचवा. त्यात तुम्ही आहात असंही म्हणता येतं, नाही असंही. फक्त छपाईच्या पैशांना ती पोरं घरी येतील, तेव्हा मित्रपरिवारात तुम्ही असताच.