ओटेवाल्या काकी

घोडेगावाहून डिंभे धरणाच्या कडेने भीमाशंकराकडे निघालेला रस्ता तळेघरला पोहोचतो, तेव्हा भोवतालचे डोंगर, वाटेतले ओढे, खाचरांचे बांध आणि जुन्या घरांची जोती हे सगळे एकाच काळ्या दगडाचे असते, आणि त्या दगडाला कोणी कधी पुसत नाही. मात्र याच गावात, मुलांच्या नोकरीच्या पैशांतून अलीकडे उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या घरांत दिवसातून अनेकदा पुसला जाणारा दुसरा एक काळा दगड आहे. तो पुसणारी व्यक्ती घरोघरी थोड्याफार फरकाने सारखीच आढळत असल्यामुळे तिला येथे ओटेवाल्या काकी असे म्हटले आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगा चाकणला किंवा मुंबईला, आणि खांद्यावर कायम एक मऊ सुती फडके, ही त्यांची बाह्य लक्षणे होत.

ओटा म्हणजे उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून कमरेइतक्या उंचीवर बसवलेली दगडाची फळी. तिच्याखाली कडप्प्याचे उभे आधार असतात, पुढची कड गोल घासलेली असते आणि एका टोकाला भांडी घासण्याची मोरी, म्हणजे हल्लीचे सिंक, असते. चूल जमिनीवर होती तोवर देखभालीचा प्रश्न सारवणाने सुटत असे, कारण खराब झालेली जमीन शेणमातीच्या एका हाताने पुन्हा नवी होई. दगडाला ही सोय नाही. त्यावर पडलेला डाग सुनेच्या माहेरपर्यंत पोहोचतो अशी काकींची पक्की समजूत असून त्यांचा पुढचा सगळा स्वभाव या एका समजुतीतून घडलेला आहे.

काकींचा ओटा 'काळ्या ग्रॅनाइट'चा आहे. भूशास्त्रात ग्रॅनाइट म्हणजे स्फटिक आणि फेल्डस्पार या खनिजांचा, मुख्यतः फिकट रंगाचा अग्निजन्य खडक; बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा असतो, आणि हे दोन्ही खडक बेसाल्टचेच भाऊबंद आहेत. एकाच प्रकारचा शिलारस जमिनीवर येऊन भराभर थंड झाला तर बेसाल्ट होतो आणि जमिनीखाली सावकाश थंड झाला तर त्यातले कण मोठे होऊन हे खडक बनतात. तळेघरचे डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्टचे आहेत. म्हणजे परसातल्या दगडाचा चुलतभाऊ कर्नाटक-आंध्रातून ट्रकने आणवून, फुटाच्या भावाने पैसे मोजून, काकींनी घरात बसवून घेतला आहे. सख्खा मात्र पाटा-वरवंट्याच्या रूपाने मागच्या भिंतीला टेकून पावसात भिजतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात याच बेसाल्टवर कोरलेला सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षांचे पावसाळे सोसून उभा आहे, ही माहिती काकींना सांगून उपयोग नसतो, कारण त्या लेखावर कोणी चहाचा कप ठेवलेला नाही.

देखभालीच्या शास्त्रात काकींचे ज्ञान मोठे आहे, फक्त ते नेमके उलटे लावलेले आहे. काळा ग्रॅनाइट स्वयंपाकघरातल्या सौम्य आंबटपणाला सहसा दाद देत नाही, तरी त्याच्याजवळ त्या लिंबू फिरकू देत नाहीत. टोमॅटो चिरायचा तो ताटात, आणि ताट पाटावर. याउलट सिंकलगतचा भांडी निथळवण्याचा कट्टा साध्या कडप्प्याचा, म्हणजे चुनखडकाचा आहे, आणि आम्ल लागताच चुनखडक विरघळतो व त्यातून बारीक फेस येतो. कूपनलिकेच्या पाण्याचे पांढरे ठिपके काढण्यासाठी काकी याच कट्ट्यावर चिंच, लिंबाची साल आणि एखाद्या वेळी तर संडासाचे ॲसिडसुद्धा वापरतात. फेस दिसला की मळ निघतो आहे असे त्या मानतात. निघत असतो तो दगड. मग कट्टा पांढुरका पडतो, त्याला खोबरेल चोळून पुन्हा काळा करण्यात येतो, तेलावर धूळ बसते आणि धूळ काढायला चिंच भिजत पडते. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ फडके आणि शेवटी कोरडे पुसणे एवढ्यावर दोन्ही दगडांचे भागते, पण इतक्या सोप्या उपायावर काकींचा विश्वास बसणे कठीण आहे.

खरा शत्रू ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात करवंदांचा चीक आणि जांभळांचा रंग येतो. हिरड्याच्या दिवसांत घरातली माणसे रानातून तशाच हातांनी पाणी प्यायला आत येतात. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, त्याचा लोखंडाशी ओला संबंध आला की शाईसारखा काळा रंग तयार होतो, आणि लोखंडी तवा नेमका तिथेच असतो. काळ्या ओट्यावर हा डाग दिसत नाही. दिसतो तो ओटा आणि टाइल यांच्यामधल्या पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात, जिथे हळदही मुरते आणि साबण लावताच लाल होऊन काकींच्या काळजाचा ठोका चुकवते. त्या वेळी काकी मान तिरपी करून उजेडाविरुद्ध ओट्याकडे पाहतात, करंगळीच्या नखाला फडक्याचे टोक गुंडाळून सांध्यातून एकाच दिशेने ओढत नेतात, आणि मागे न वळता सुनेला सांगतात, ''अगं, ओल्या बुडाचं भांडं टेकवू नको म्हटलं होतं ना?'' सून ''नाही, आत्या'' म्हणते. या उत्तराचा अर्थ 'टेकवले नाही' की 'म्हटले नव्हते', हे ती संदिग्ध ठेवते.

या सर्व काळजीचा परिणाम म्हणून ओट्यावर स्वयंपाक होत नाही. मागच्या पडवीत चूल आहे. भाकरी, कालवण, अंघोळीचे पाणी हे सगळे तिथे होते, आणि गॅसची शेगडी प्लॅस्टिकच्या आवरणात ओट्यावर विराजमान असते. श्रावणात भीमाशंकराला निघालेले मुंबईचे नातेवाईक वाटेत उतरतात, तेव्हा त्यांना आधी ओटा दाखवण्यात येतो; ते हात फिरवून पाहतात, आणि हात फिरवला तिथे काकी लगेच फडके फिरवतात. तेवढ्यात सून पडवीतून चहा आणते. पाहुणे चहाला धुराचा काय सुरेख वास आहे म्हणतात, आणि काकी ओट्याकडे पाहत कौतुक स्वीकारतात.