ताशी एकोणीस रुपये

फरीदाबाद वसवलं शेख फरीदने, 1607 साली. हा गृहस्थ जहांगीर बादशहाचा खजिनदार. दिल्ली-आग्रा रस्त्याची राखण व्हावी म्हणून त्याने हे गाव वसवलं म्हणतात. आमच्या ह्यांच्या मते, हा देशातला पहिला 'इन्फ्रा' गुंतवणूकदार. खजिनदाराच्या गावात बिऱ्हाड केल्यापासून तो ह्यांच्या अंगात संचारतो.

बाटा चौकात मेट्रोत बसायला जागा मिळाली की हे वार्षिक अहवाल उघडतात. शेजारचे प्रवासी सिनेमा बघतात, हे ताळेबंदाच्या तळटीपा. तिथेही खलनायक असतोच, असं ह्यांचं म्हणणं. पीटर लिंच नावाच्या अमेरिकन गुंतवणूक-गुरूने सांगून ठेवलंय की डोळ्यांसमोर चालणारा धंदा आधी बघा. म्हणून रविवारी हे मथुरा रोडला उभे राहून ट्रेलरवरून जाणारे ट्रॅक्टर मोजून आले.

"मग घेतले का ट्रॅक्टर कंपनीचे शेअर?"

"अगं, अभ्यास पुरा कुठे झालाय!"

मी एकदा हिशेब मांडला. पाच लाखांचे शेअर आहेत असं धरा. आठवड्याला दहा तास अभ्यास, म्हणजे वर्षाला पाचशे वीस तास. एवढ्या तपश्चर्येने बाजारापेक्षा दोन टक्के जास्त मिळाले, तर वरकमाई दहा हजार. भागाकार केला: ताशी एकोणीस रुपये. आमची झाडूपोछावाली ह्या दरात जिनाही चढणार नाही. आणि ते दोन टक्के मिळतीलच याची हमी खुद्द वॉरन बफेही देत नाहीत. ते सामान्य माणसाला सरळ इंडेक्स फंडाकडे पाठवतात.

पण खोटं कशाला बोलू? ह्यांच्या अभ्यासाची पहिली संध्याकाळ फार मोलाची होती. त्या संध्याकाळी ह्यांना म्युच्युअल फंडाच्या 'रेग्युलर' आणि 'डायरेक्ट' योजनांतला फरक कळला. डायरेक्ट योजना 2013च्या जानेवारीपासून मिळतात. फंड तोच, फक्त मधल्या माणसाचं कमिशन नाही. महिना दहा हजार, वीस वर्षं; बारा टक्क्यांऐवजी अकरा टक्के पडले, तर शेवटी साडेबारा लाखांच्या आसपास फरक पडतो. शिवाय बँकेतला एक गोड बोलणारा मुलगा विम्यात गुंतवणूक कालवून आणायचा, त्यालाही ह्यांनी त्याच आठवड्यात चहा पाजून परत पाठवला. एवढ्यावर पुस्तक मिटलं असतं, तर ह्यांचा ताशी दर सुप्रीम कोर्टातल्या वकिलांनाही लाजवणारा ठरला असता. पण पुस्तक मिटलं नाही, उलट कपाट घ्यावं लागलं.

त्या कपाटातलं एकच टिपण मला मनापासून आवडलं. बार्बर आणि ओडियन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी हजारो घरांची ब्रोकरकडची खाती तपासून 2001 साली निष्कर्ष छापला: पुरुष बायकांपेक्षा 45 टक्के जास्त खरेदी-विक्री करतात आणि त्यापायी आपल्याच परताव्याला बायकांहून मोठी कात्री लावतात. मी ते फ्रिजवर चिकटवलं. हे म्हणाले, "तो अभ्यास अमेरिकेतला." मग सेबीचा आणला, सप्टेंबर 2024चा, अस्सल देशी: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या शंभर जणांतले 93 तोट्यात. त्या 93 जणांनी अभ्यास केला नसेल असं मला अजिबात वाटत नाही. रात्र रात्र जागून केला असेल बिचाऱ्यांनी.

समोरच्या फ्लॅटमधले अंकल ह्या सगळ्याला हसतात. "भाईसाब, ज़मीन देखो, ज़मीन!" नहरपार, म्हणजे कालव्यापलीकडे, त्यांचा प्लॉट आहे. शिवाय ते अरावली गोल्फ कोर्सवर पहाटे चेंडू हरवायला जातात. त्यांना मात्र आंटी कधी विचारत नाहीत की गोल्फवर परतावा किती टक्के मिळाला. मग आमच्याच माणसाने काय घोडं मारलंय? पत्ते नाहीत, दारू नाही, ताळेबंद वाचतो. फक्त वाचून झाल्यावर बोट 'बाय' आणि 'सेल'च्या बटणांकडे जाऊ नये, एवढीच माझी अट.

तेव्हा तोडगा काढला. घरच्या बचतीतली 95 टक्के रक्कम इंडेक्स फंडात आणि पीपीएफमध्ये. तिकडे बघायचंसुद्धा नाही. उरलेली पाच टक्के ह्यांना, छंदापोटी. त्यातून हवं ते घ्या, हवं ते विका.

परवा हे म्हणाले, "पाचाचे दहा कर ना."

"आधी पाच टक्क्यांचं काय झालं, तो तक्ता दाखवा."

तेव्हापासून तक्ता चालू आहे. कंपन्यांची नावं भरून झाली, रकान्यांना रंग देऊन झाले. 'परतावा' ह्या रकान्यासाठी कुठला फॉन्ट घ्यावा, यावर सध्या अभ्यास सुरू आहे.