पंगती आठ, वाढपी एक

पाहुणे तुंबले की ‘पंगती वाढवा’ अशी आरोळी ठोकणारा एक काका प्रत्येक मांडवात असतो. वाढपी किती आहेत हे तो विचारत नाही. ओपन व्ही-स्विच या सॉफ्टवेअर स्विचला डीपीडीके या वेगवान पॅकेट-लायब्ररीची जोड देणाऱ्या भल्याभल्या अभियंत्यांत हा काका शिरतो. पॅकेट घ्यायच्या रांगांचा आकडा, ‘एन-आरएक्सक्यू’, मुळात 1 असतो. तो 8 केला की वेग आठपट, असा त्याचा हिशेब. पण रांगा उपसतो तो पीएमडी थ्रेड. तो एकटाच असेल तर आठही पंगतींतून फिरत राहतो आणि दर खेपेला एकेका रांगेतून फार तर 32 पॅकेटं उरकतो. या वाढप्याची तऱ्हाही न्यारी. मांडवात चिटपाखरू नसलं तरी ‘कोणी आहे का?’ करत तो फिरतोच, आणि ‘टॉप’मध्ये पाहावं तर सीपीयू 100 टक्के कामात! मग काम असेल तेव्हाच उठवा की त्याला? जमत नाही. 10 गिगाबिटच्या तारेवर 64 बाइटची पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख होतात. एकेकाच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. वाढपी डोळे चोळेपर्यंत मांडवाबाहेर चेंगराचेंगरी.

बरं, थ्रेडही आठ केले. तरी नेटवर्क कार्ड पॅकेटमधले पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून रांग ठरवतं, म्हणजे एका संभाषणाचं अख्खं वऱ्हाड एकाच पंगतीत. असं एकच दांडगं वऱ्हाड आलं तर एक वाढपी घामाघूम, बाकीचे सात रिकाम्या पाटांची विचारपूस करत. ते वाटून द्यावं, तर पॅकेटं उलटसुलट पोचतात आणि मधली हरवली अशा समजुतीनं टीसीपी वेगच कमी करतो. उरला शेवटचा तोडगा: रांग लांबवा, 2048 जागांच्या 4096 करा. अवचित लोंढा आला तर याचा उपयोग होतो, हे कबूल. पण वाढपी कायमचाच संथ असेल तर लांब पंगतही डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरते. गळायची ती पॅकेटं गळतातच, आत बसलेली मात्र दुप्पट ताटकळतात.

पाठवणीच्या बाजूला काकाला कोणी विचारतच नाही. तिथे स्विच स्वतःच थ्रेडागणिक एक दार, म्हणजे पाठवायची रांग, मागतो, वर आणखी एक. कार्डाकडे तेवढी दारं नसली तर दोघा वाढप्यांत एक दार, त्याला कुलूप, आणि किल्लीसाठी खोळंबा. ते जादा दार मुख्य थ्रेडचं. हे यजमान एखाद्याच पाहुण्याला पोचवायला येतात, पण दार त्यांच्या नावाचं.