गोळा विकणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री, मासेमारीच्या दुकानातले काउंटरपलीकडचे साहेब यांस,

मिशिगन सरोवराच्या पूर्वकाठावरून एका एकट्या गिऱ्हाइकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्याला मराठी येत नाही हे ठाऊक आहे. म्हणून तर पत्र मराठीत लिहितो आहे. आपल्यासारख्या कामात गढलेल्या माणसाला वाचायचे श्रम कशाला?

प्रथम आभार. मार्चमध्ये आपल्या दुकानाची पायरी चढलो तेव्हा मी डाउनरिगरचं चाक हातानं फिरवणारा एक मागासलेला गृहस्थ होतो. आपण मला अर्ध्या तासात विजेवर आणलंत. तेही एक नव्हे, दोन यंत्रं घ्यायला लावून. 'मिनिटाला अडीचशे फूट!' असं म्हणताना आपल्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी अजून विसरलेलो नाही.

डाउनरिगर म्हणजे काय, हेही आपण किती गोड शब्दांत समजावलंत. ऑगस्टात वरचं पाणी तापतं आणि चिनूक सामन दहा-बारा अंशांचा गारवा शोधत साठ, ऐंशी, कधी शंभर फूट खाली जातात. तिथवर गळ पोचवायचा म्हणून बोटीच्या मागच्या कडेला तारेचं रीळ, त्यापुढे दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी आणि तारेला बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपेत अडकवायची. मासा लागला की ती सुटते आणि मग मासा जाणे नि आपण जाणे. आमचे आजोबा कोकणात गरवायला जायचे तेव्हा दोरीलाच सुपारीएवढं शिसं बांधायचे. मासा लागल्याचं त्यांचं बोट सांगायचं आणि बोटाला बॅटरी लागत नसे. पण ते अडाणी होते. त्यांना आपण भेटला नाहीत.

(हे सामनही मूळचे इथले नव्हेत. सरोवरात घुसून माजलेल्या एलवाइफ माशांचा फडशा पाडायला मिशिगन राज्यानं १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडले, मूळ पॅसिफिककडचे. बाहेरून येऊन इथे गलेलठ्ठ झालेली जमात म्हटल्यावर मला जिव्हाळा वाटणारच.)

गोळा वर आला की मोटर आपोआप थांबवणारी यंत्रं मिळतात, हे मला नंतर कळलं. आपण ते सांगितलं नाहीत, कारण ती पेटी त्या दिवशी आपल्या फळीवर नव्हती. माझ्या यंत्राचं बटण एकदा वर केलं की वरच राहतं. थांबवायला आपण स्वतः तिथे हजर पाहिजे. पहिल्याच मोठ्या माशाला डावा रॉड ताडकन सरळ झाला, रीळ किंचाळायला लागलं. मी दोन्ही बटणं वर करून रॉडकडे धावलो. चोवीस सेकंदांत शंभर फूट, आपण शब्दाचे पक्के! उजवा गोळा वर आला, थांबला नाही, कप्पीवर आदळला, तार तुटली आणि साडेपाच किलो शिसं सरोवराला अर्पण झालं. डाव्याचं बटण बंद करायला वळलो तोवर मासाही गेला. आपल्या कृपेनं त्या दिवशी बोट हलकी होऊन परतली.

मिशिगनच्या कायद्यानं एका माणसाला तीन रॉड टाकता येतात. देवानं हात मात्र दोनच दिले. एक रॉडला, एक बटणाला, एक सुकाणूला आणि एक जाळीला असा हिशेब मी घरी मांडला, तेव्हा सौ. म्हणाल्या, "लग्नात चतुर्भुज झाला होतात ना, ते दोन हात कुठे गेले?" ते दोन हात किनाऱ्यावर असतात साहेब. त्यांना बोट लागते.

चार फुटी दांड्याबद्दल काय बोलावं! 'दोऱ्या लांब-लांब राहतील, गुंता होणार नाही,' असं आपण म्हणालात. दोऱ्या राहिल्या लांब आणि त्यांच्याबरोबर गोळाही. लाटांवर तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि अधूनमधून बोटीला आपटून देवीचे व्रण उमटवतो. नवा गोळा (आपल्याकडूनच घेतलेला) धरायला मी कडेवरून ओणवा झालो आणि मनगटाला बांधलेली इंजिनाची सुरक्षा-दोरी ताणली जाऊन निसटली. दोरीनं चोख काम केलं. इंजिन बंद. बोट थांबली. पलीकडचा गोळा अजून खालीच होता, इतका वेळ वेगामुळे मागे झुकलेला. तो सरळ खाली आला, वाऱ्यानं बोट त्याच्यावर फिरवली आणि तिसऱ्या रॉडची दोरी त्या तारेच्या गळ्यात पडली. चाळीस मिनिटं सोडवत बसलो. पुढे कळलं की तारेला एक कडी आणि दोरी लावली, तर बसल्या जागेवरून गोळा आत ओढता येतो. ती दोरी आपल्या काउंटरवर, गल्ल्याशेजारीच टांगलेली असते. आपलं तिच्याकडे लक्ष गेलं नाही, कारण आपण तेव्हा माझं कार्ड घासत होता.

बॅटरीचंही राहिलंच. 'इंजिनाची आहे तीच चालेल.' चालली की! दिवसभर दोन्ही यंत्रांना चालली. संध्याकाळी इंजिनाला मात्र चालली नाही.

आपण मला पुष्कळ विचारलंत. बजेट किती, बोट किती फुटी, मासे दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा रंगीत हवा की साधा. बोटीत बरोबर कोण असतं, एवढंच विचारायचं राहिलं. असो, गर्दी होती.

शनिवारी पहाटे पाचला निघतो आहे. आपण अवश्य यावं. चहा, थालीपीठ, लोणचं माझ्याकडून. आपण मागच्या कडेला नुसतं बसायचं आणि गोळा वर दिसला की बटण खाली करायचं.

आपला कृपाभिलाषी,
एकटं गिऱ्हाईक

ता. क. येताना बारा पौंडी गोळा एक आणावा. पैसे रोख देईन.