पानविडा आणि राज्यसंस्था : भेंडवळच्या घटमांडणीवरून उजव्या पंथांची चिकित्सा

सरकार किती मोठे असावे, या एका प्रश्नावर युरोपात ग्रंथालये भरली. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी, त्याचे उत्तर दर अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात मांडून ठेवतात. विड्याचे एक पान, त्यावर एक सुपारी. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या मापाकडे केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. प्रस्तुत निबंध ती उणीव भरून काढण्यासाठी आहे.

आधी सामग्री पाहू. ही मांडणी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली, असे परंपरा सांगते. शेतात गोल घट आखतात. त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी असे करत १८ धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, कुरडई, करंजी. करंजी म्हणजे देशाची तिजोरी, करडी म्हणजे संरक्षण, मसूर म्हणजे परका शत्रू, भादली म्हणजे रोगराई. पानविडा म्हणजे राजाची गादी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे जाऊन काय हलले, काय जागेवर राहिले ते बघायचे आणि वर्षाचे भाकीत सांगायचे. पान-सुपारी जागची हलली नाही, तर राजा कायम.

याला शास्त्रीय आधार नाही, असे हवामानशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगत आले आहेत. ते बरोबरच सांगतात. पण पाऊस पडला की नाही, हा त्यांचा विषय. आमचा विषय जागावाटप. धान्यांना १८ जागा, पावसाला चार ढेकळे आणि अख्खी घागर, तळणाला निदान अर्धा डझन, आणि राजाला एक पान. देशाच्या कारभारात कुरडईला आणि राजाला समसमान प्रतिनिधित्व देणारी दुसरी राज्यघटना आमच्या पाहण्यात नाही.

‘राजा कायम’ हे भाकीत ऐकून सगळेच उजवे खूश होतात. जे हलले नाही ते चांगले, हा तर त्यांचा मूळ सिद्धान्त. एडमंड बर्कने १७९० मध्ये लिहिले, की समाज ही मेलेल्या, जिवंत आणि अजून जन्माला न आलेल्या माणसांची भागीदारी आहे. भेंडवळला या भागीदारीत अजून न पेरलेली तूरसुद्धा धरतात. पण खूश का झालात, असे विचारले की पंथभेद सुरू होतो.

परंपरावाद्याचे म्हणणे असे, की पान आपल्या जागी राहिले हेच सुख; ते धान्यांच्या रांगेत घुसता कामा नये. या मताचे मराठीतले थोर प्रकरण १८९१ चे, संमतिवयाच्या कायद्याचे. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे होते. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, असे टिळक म्हणाले. रानडे आणि आगरकर दुसऱ्या बाजूला. पुढे स्वामी करपात्रींच्या रामराज्य परिषदेने हिंदू कोड बिलाला विरोध केला, त्याचाही धागा हाच. सरकारने उंबरठ्याबाहेर राहावे. मात्र याच पंथासमोर गोवंशाचा विषय काढा, सरकार एकदम आखूड वाटू लागते. गोवंश हत्याबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळात १९९५ साली मंजूर झाले, राष्ट्रपतींची संमती २०१५ साली आली. मधल्या वीस वर्षांत सरकार उंबरठा ओलांडून गोठ्यात शिरेल, अशी काळजी या पंथाला वाटल्याचे दिसत नाही.

गोठ्यात त्याची गाठ दुसऱ्या उजव्याशी पडते. हा अर्थस्वातंत्र्यवादी. भाकड जनावर ठेवायचे की विकायचे हे मी ठरवीन, असे तो म्हणतो. याचे पूर्वज म्हणजे १९५९ साली राजाजी, मिनू मसानी आणि प्रा. रंगा यांनी काढलेला स्वतंत्र पक्ष. १९६७ मध्ये त्याचे लोकसभेत ४४ खासदार होते आणि १९७४ मध्ये पक्षच उरला नाही. वऱ्हाडात हा विचार पुस्तकातून आला नाही, कापसाच्या गाठोड्यातून आला. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस आपला, गाडी आपली, बैल आपले. सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात, भाव बरा मिळतो म्हणून गाडी तिकडे हाकली तर मात्र माणूस चोर. स्वतःच्या मालाची स्वतः चोरी करण्याची सोय करून देणाऱ्या सरकारबद्दल शेतकऱ्याचे मत काय होईल, हे सांगायला तत्त्ववेत्ता लागत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले आणि त्यांनी त्या मताला अर्थशास्त्र दिले. भीक नको, घामाचे दाम हवे. संघटनेचा १० नोव्हेंबर १९९१ चा मेळावा याच जिल्ह्यात, शेगावला झाला. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती असा चतुरंग कार्यक्रम तिथे मांडला गेला. या चारांत ‘अनुदानशेती’ नव्हती. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. जोशींना उजवे म्हटले तर त्यांचे अनुयायी रागावतील. पण राज्यशास्त्रात दुसरे कपाट रिकामे नाही. या पंथाचे भाष्य असे, की राजाला पान एवढेसेच दिले हे उत्तम, तरी अजून लहान करता येईल. मवाळ म्हणतात देठ खुडावा, जहाल म्हणतात नुसती सुपारी पुरे.

एकात्म मानववाद्याला हा वादच उथळ वाटतो. दीनदयाळ उपाध्यायांनी २२ ते २५ एप्रिल १९६५ या चार दिवसांत मुंबईत व्याख्याने देऊन सांगितले, की राज्य ही राष्ट्रातल्या अनेक संस्थांपैकी एक, सर्वस्व नव्हे. म्हणजे पान महत्त्वाचे नाही, घट महत्त्वाचा. भेंडवळच्या मांडणीचा अर्थ यांनाच सर्वांत जवळून कळला, असे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढे भारतीय जनता पक्षाने १९८० साली मुंबईच्याच अधिवेशनात गांधीवादी समाजवाद स्वीकारला, त्यामुळे वर्गीकरण करणाऱ्याची थोडी पंचाईत होते. सत्ता आल्यावर घटाच्या आकाराचे पान शोधायला माणसे पाठवली जातात, हा भाग कोणत्याच व्याख्यानात नाही.

उरली शिवसेना, स्थापना १९ जून १९६६. पान केवढे, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. विडा कोणी उचलला ते सांगा. सरकार आपले असेल तर मोठे असावे आणि शाखेइतके जवळ असावे. १९९५ साली सेना-भाजप युतीचे सरकार आले आणि झुणका-भाकर एक रुपयात मिळू लागली. बाजार, मागणी, पुरवठा यांवर जगातल्या उजव्यांनी लिहिलेले सगळे ग्रंथ त्या भाकरीखाली झाकले गेले. २०२३ मध्ये पुन्हा सेना-भाजपचे सरकार होते आणि या वेळी पीकविमा एक रुपयात आला. मराठी उजव्या राज्यसंस्थेचे एकक रुपया आहे, हा या निबंधाचा स्वतंत्र शोध. २०२५ मध्ये विम्याचा हप्ता पुन्हा टक्क्यांवर गेला, खरिपाला दोन आणि कापसासारख्या नगदी पिकाला पाच, तेव्हा हा शोध दोन वर्षे जुना झाला होता.

विम्याचा अर्ज भरायच्या रांगेत चारही पंथ एकामागे एक उभे असतात. तिथला शास्त्रार्थ असा चालतो :

“सरकारनं शेतकऱ्याच्या धंद्यात पडूच नये, भाऊ.”

“मंग रांगेत कायले उभा हायस?”

“सर्व्हर बंद हाय म्हणून. चालू असता तं कवाचाच गेलो असतो.”

एक तांत्रिक मुद्दा राहिला. रात्री उंदराने सुपारी नेली आणि पान तसेच ठेवले, तर भाकीत काय सांगायचे? याचे उत्तर महाराष्ट्राने १२ नोव्हेंबर २०१९ ला प्रयोग करून दिले. निवडणूक होऊनही सरकार बनेना, राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेच्या पहाटेपर्यंत पानावर सुपारी नव्हती. अवकाळी पावसाने खरीप झोपला होता, पंचनामे चालू होते. १६ तारखेला राज्यपालांनी खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. चारही पंथांनी आपापल्या बांधावर बसून विचार केला आणि पहिल्यांदाच त्यांचे एकमत झाले, की रक्कम फारच कमी आहे.