आधी गबाळी हो, मग हसव

विनोदातल्या थोर बायकांना मानवंदना देणाऱ्या एकपात्री कॅबरेंची लंडन-न्यूयॉर्ककडे बरी चलती असते. एक नटी, एक पियानोवाला, गोल टेबलांवर पेले आणि विंगेत कपड्यांचा ढीग. नटी एकेक झगा चढवते, एकेक आजी-पणजी होते, टाळ्या घेते. (हिंदी सिनेमातल्या हेलनच्या आशेने तिकीट काढणाऱ्यांनी मध्यंतरापर्यंतही थांबू नये.) बाकीचे गाणी ऐकोत, मला तो विंगेतला ढीग उपसायचा आहे. या बायकांनी विनोदाच्या नाक्यावर कोणती जकात भरली, त्याच्या पावत्या तिथे पडल्यात.

फिलिस डिलर घ्या. ओहायोत जन्मलेली, पाच पोरांची आई, जाहिरातींचा मजकूर लिहिणारी. १९५५च्या मार्चमध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ नावाच्या तळघरातल्या क्लबात उभी राहिली. बोली दोन आठवड्यांची होती, मुक्काम ८९ आठवडे पडला. पुढे जगाने पाहिली ती डिलर अशी: केसांना कंगवा लागलेला नाही, अंगात गोणपाटाच्या घाटाचा झगा, हातात लांब नळीची सिगारेट. सिगारेट लाकडाची, कारण बाई ओढतच नव्हत्या. मंचावर रोज उद्धार व्हायचा तो ‘फँग’ नावाचा नवराही कल्पनेतलाच. आणि झगा गोणपाटी का? तर आतली बाई चांगली सुडौल होती. ते दिसलं असतं तर स्वतःच्या कुरूपपणावरचे सगळे विनोद जागीच झोपले असते. डिलर एक किस्सा सांगायची. ‘प्लेबॉय’ने थट्टा म्हणून तिचे फोटो काढले आणि छापलेच नाहीत. का, तर हसू येण्याजोगे नव्हते, छान आले होते!

तिचा दोस्त, विनोदवीर बॉब होप, सूट-टाय घालून यायचा, उभा राहायचा, लोक हसायचे. त्याला कुणी म्हटलं नाही, बाबा रे, आधी जरा कुरूप होऊन ये.

बरं, झग्याखाली निव्वळ थिल्लरपणा होता म्हणावं, तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात डिलरचं पोलादी कपाट ठेवलंय. ४८ खण, त्यात विषयवार लावलेली ५०,०००हून जास्त कार्डं, कार्डागणिक विनोद. आमच्या सरकारी कचेऱ्यांना एवढी शिस्त असती तर सातबारा एका फेरीत मिळाला असता.

ढिगातला दुसरा कपडा मॉम्स मेबलीचा. विटका घरगुती झगा, डोक्यावर लोळागोळा टोपी, तोंडाचं बोळकं. अमेरिकेतल्या काळ्या प्रेक्षकांसाठीच्या थिएटरांत तिने उमर काढली आणि ही म्हातारी उभी केली ती स्वतः चांगली तरुण असताना. पुढे कवळी आली, तर ती काढून मंचावर यायला लागली. रंगमंचाबाहेर हीच बाई इस्त्रीचा पुरुषी सूट घालून, आपलं बायकांवरचं प्रेम न लपवता हिंडायची. मग मंचावर आजी का? कारण आजीला सगळं माफ. तरण्याताठ्या काळ्या बाईने गोऱ्या पुढाऱ्याला सुनावलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. बोळक्या तोंडाची आजी मात्र राष्ट्राध्यक्षांचेही कान उपटणार आणि लोक म्हणणार, जाऊ द्या, म्हातारी आहे. १९६२मध्ये ही म्हातारी कार्नेगी हॉलमध्ये पोचली. तोवर सोंगाचं आणि बाईचं वय एक झालं होतं.

जकात न भरणाऱ्याही होत्या. लंडनच्या म्युझिक हॉलची राणी मेरी लॉइड झकपक कपड्यांत यायची, साध्या गाण्यात नुसती भुवई उडवायची, आणि संस्कृतिरक्षकांना घाम फुटायचा. १९१२मध्ये राजासमोर म्युझिक हॉलवाल्यांचा खास खेळ झाला, त्यातून हिचं नाव गाळलं. बाई घरी रडत बसल्या नाहीत. त्यांनी जवळच्या लंडन पॅव्हिलियनमध्ये स्वतःचा खेळ लावला. न्यूयॉर्कात मे वेस्टने ‘सेक्स’ याच नावाचं नाटक लिहिलं, त्यात स्वतः काम केलं, आणि १९२७मध्ये दहा दिवसांची कैद ओढवून घेतली. वागणूक चांगली म्हणून दोन दिवस सूट मिळाली. हिशेब सरळ आहे: गबाळी आलीस तर टाळ्या, नटून आलीस तर फौजदार.

या नाक्यावरून फुकट जाणारी बाई एकच, जी मुळात बाप्या असते. १८९२ साली लंडनमध्ये ‘चार्लीज आंट’ हे नाटक आलं आणि त्यातल्या, साडीऐवजी स्कर्ट नेसलेल्या पुरुषाने १,४६६ प्रयोग हाणले. तीच बाई आचार्य अत्र्यांनी मराठीत आणली, ‘मोरूची मावशी’ म्हणून. विजय चव्हाणांनी तिचं काय सोनं केलं ते आपण पोट धरधरून पाहिलंय, आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण आपल्या तमाशात तरी वेगळं काय? लावणी बाईची, हशा सोंगाड्याचा. गवळणीत बाईमाणसाचा हशा मिळतो तो मावशीला, आणि तीही परंपरेने पुरुषच.

तिकडे अमेरिकेत विनोदवाली जोन रिव्हर्स आली तेव्हा वाटलं, सुटली ही. काळा झगा, मोत्यांचा सर. पण जकात तिनेही भरली, कपड्यांऐवजी तोंडाने: आपण किती बेढब, किती नकोशा, हे रोज स्वतःच सांगून. १९८६मध्ये तिने, जिथे ती पाहुणी म्हणून जायची त्या जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमासमोर स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम मांडला, तर कार्सनने मरेपर्यंत तिच्याशी अबोला धरला. बाई पाहुणी असेपर्यंत विनोदी. यजमानीण झाली की कृतघ्न.

आता जमाना बदललाय म्हणतात. २००७च्या जानेवारीत ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात क्रिस्टोफर हिचिन्स या लेखकाने बायका विनोदी का नसतात यावर लेख लिहिला. (हा गृहस्थ देवालाही मानत नव्हता, त्यामुळे बायकांनी वाईट वाटून घेऊ नये.) भडका उडाला. सव्वा वर्षाने त्याच मासिकाने प्रत्युत्तराचा लेख छापला आणि मुखपृष्ठावर टीना फे, एमी पोलर, सारा सिल्व्हरमन या तिघी विनोदवाल्या. कशा? नटूनथटून, फॅशनच्या नट्यांसारख्या, ॲनी लीबोविट्झच्या कॅमेऱ्यासमोर. पूर्वी सुंदर दिसलीस तर विनोदी नाहीस, आता विनोदी आहेस तर सुंदर दिसून दाखव. नाका तोच, दरपत्रक उलटं टांगलेलं. तिघींकडे उत्तराला विनोद होते, तरी शिंपी बोलवावाच लागला.